बॅरिओस या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये पूल (व्हॉल्यूमचे, म्हणजे बॅकअप लिहिलेल्या फाइलींचे, गट) कसे पाडावेत? खात्यानुसार पाडलेले पूल भरले, जॉब अडकून बसतात (अंबड, नाशिक)

अंबड_सिस्टम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत ऑटो पार्टचं मशिनिंग करणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बॅकअपसाठी लिनक्सवर बॅरिओस बसवलंय. ४ टीबीच्या चार डिस्क रेड १० मध्ये आहेत, म्हणजे हाताशी ८ टीबी. डेटा असा आहे:

डिझाइनची ड्रॉइंग १.२ टीबी. त्यातली ७०० जीबी जुन्या, बंद झालेल्या कामांची.
क्वालिटीचे तपासणी अहवाल आणि फोटो ३५० जीबी.
३५ पीसींवरची कागदपत्रं मिळून ३०० जीबी.
ईआरपीचा एसक्यूएल डेटाबेस ८५ जीबी, टॅली ६ जीबी, सीएनसी प्रोग्रॅम ४ जीबी.

एकूण सुमारे १.९५ टीबी. डेटाबेस सोडला तर कामाच्या दिवशी साधारण १० जीबी बदलतो.

मी खात्यानुसार पूल पाडले: डिझाइन, क्वालिटी, अकाउंट्स, स्टोअर्स, पीसी. पॅकेजसोबत आलेल्या फुल (पूर्ण बॅकअप) पूलची फाइल कॉपी करून नावं बदलली. पीसीचा पूल मात्र इन्क्रिमेंटलच्या (मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच) फाइलवरून केला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फुल आणि रोज इन्क्रिमेंटल, दोन्ही त्या त्या खात्याच्या पूलमध्ये जातात. डिफरेन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं) घेत नाही.

चार महिन्यांत डिस्क ९५ टक्के भरली. पीसीचे जॉब ‘कॅनॉट फाइंड एनी अपेंडेबल व्हॉल्यूम्स’ असा मेसेज देऊन थांबून राहतात. व्हॉल्यूम रिटेन्शन (व्हॉल्यूम किती दिवस जपायचं) ३६५ वरून ९० दिवसांवर आणलं, रीलोड केलं, तरी एकही जुनं व्हॉल्यूम मोकळं झालं नाही. पूल नेमके कशाच्या आधारावर पाडायचे? आणि आत्ता जागा कशी सोडवायची?

टेप_ते_डिस्क

आधी तुमची दोन्ही लक्षणं कुठून आली ते पाहू, म्हणजे उपाय का तसा आहे हे कळेल.

पॅकेजसोबतच्या फुल पूलमध्ये व्हॉल्यूम रिटेन्शन ३६५ दिवस, एका व्हॉल्यूमचा कमाल आकार ५० जी आणि कमाल व्हॉल्यूम १०० असतात. दरमहा फुल आणि वर्षभर ठेवायचं म्हटलं की एका वेळी १३ फुल जिवंत राहतात. १३ गुणिले १.९५, म्हणजे २५ टीबी. तुमच्याकडे ८ आहेत. डिस्क भरणारच होती.

इन्क्रिमेंटलच्या फाइलमध्ये ३० दिवस, १ जी आणि १०० व्हॉल्यूम असतात. म्हणजे पूर्ण पूलची मर्यादा जेमतेम १०७ जीबी, आणि तुम्ही त्यात पीसींचं ३०० जीबीचं फुल घालताय. शंभरावं व्हॉल्यूम भरल्यावर नवं लेबल करता, म्हणजे तयार करता, येत नाही आणि जुन्या एकाचीही मुदत संपलेली नसते, मग जॉब थांबून राहतो. डिस्कवर जागा असती तरी तो अडकलाच असता.

रिटेन्शन बदलूनही काही झालं नाही कारण प्रत्येक व्हॉल्यूम लेबल होतानाचे आकडे कॅटलॉगमध्ये (बॅकअपच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये) स्वतःसोबत घेऊन फिरतं. पूलची फाइल बदलली की ते फक्त पुढच्या नव्या व्हॉल्यूमना लागू होतं. जुन्यांना लावायचं असेल तर कन्सोलमध्ये अपडेट कमांड द्यायची, व्हॉल्यूमचा पर्याय घ्यायचा आणि ‘पूलमधली सर्व व्हॉल्यूम पूलप्रमाणे करा’ या अर्थाची ओळ निवडायची. 

आता मूळ प्रश्न. पूल हा डेटा कोणाचा आहे यावरून पाडायचा नसतो. तो किती दिवस जगणार आणि कुठे राहणार यावरून पाडायचा. रिटेन्शन, कमाल आकार, पुनर्वापर, सगळं पूल आणि व्हॉल्यूमच्या पातळीवर चालतं. एका व्हॉल्यूममध्ये फुल आणि इन्क्रिमेंटल एकत्र पडले की दोघांना एकच मुदत मिळते, आणि ती मुदत मोजायला सुरुवात होते त्या व्हॉल्यूमवर शेवटचं लिहिलं गेलं तेव्हापासून. अर्धवट भरलेलं व्हॉल्यूम ‘अपेंड’ (लिहायला खुलं) स्थितीतच पडून राहिलं तर ते पुनर्वापराला येतच नाही. कोणाचा डेटा आहे ते सांगायला जॉबचं नाव, क्लायंट (ज्या मशीनचा बॅकअप ते) आणि फाइलसेट (काय उचलायचं, काय वगळायचं याची यादी) आहेत. रिस्टोअर करताना आपण क्लायंट, फाइलसेट आणि तारीख निवडतो, पूल कोणी विचारत नाही.

रिटेन्शनसाठी हिशेब असा धरा: किती दिवस मागे जाता यायला हवं, अधिक त्याच पातळीचा पुढचा बॅकअप यायला लागणारा जास्तीत जास्त वेळ. ३० दिवसांतल्या कुठल्याही दिवशीची फाइल हवी असेल, तर पहिल्या शनिवारपासून पुढच्या पहिल्या शनिवारपर्यंत जास्तीत जास्त ३५ दिवस, म्हणून फुलला ३५ अधिक ३०, किमान ६५. बरेच जण मासिक फुलला ४० दिवस देतात. मग नवं फुल झाल्यावर आठवडाभरात जुनं फुल पुसलं जाऊ शकतं, आणि मागच्या महिन्याचे सगळे इन्क्रिमेंटल हातात असूनही निरुपयोगी होतात, कारण त्यांचा पायाच गेलेला असतो. हे सॉफ्टवेअर साखळी तुटते का ते पाहत नाही. ते आपणच पाहायचं.

डिफरेन्शियल जरूर घ्या. दुसऱ्या ते पाचव्या शनिवारी. नाहीतर महिनाअखेरीचं रिस्टोअर फुल अधिक वीस-पंचवीस इन्क्रिमेंटलवर अवलंबून राहतं आणि मधलं एक जरी खराब निघालं तरी त्या दिवसाचे बदल गेले. डिफरेन्शियलचं रिटेन्शन ७ अधिक ३०, म्हणून ४० दिवस ठेवा. इन्क्रिमेंटलचंही ४०.

आणखी एक गोष्ट, एमआयडीसीतल्या बहुतेकांना लागू. सोबत येणाऱ्या वेळापत्रकात इन्क्रिमेंटल सोमवार ते शुक्रवार आहे. तुमची सुट्टी शनिवारी असेल आणि रविवारी काम चालत असेल, तर रविवारचा बदल सोमवारी रात्रीपर्यंत उघडा राहतो. ती ओळ रविवार ते शुक्रवार करा.

फाइलसेट_आधी

वरच्याशी सहमत. पण फक्त रिटेन्शन दुरुस्त करून तुमची गाडी ८ टीबीत नीट बसणार नाही. डेटा किती वेगाने बदलतो त्यावरून फाइलसेट फोडा, मग पूल.

बंद कामांची ७०० जीबी ड्रॉइंग दर महिन्याला पुन्हा का उचलायची? तिचा वेगळा फाइलसेट, वेगळा जॉब, फुल फक्त जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी. दोन फुलमध्ये साधारण १८९ दिवस धरा, अधिक ३०, म्हणजे रिटेन्शन २२०. एका वेळी दोन प्रती, १.४ टीबी. डिझाइनवाल्यांना सांगा की काम बंद झालं की फोल्डर जुन्या विभागात हलवायचा, आणि हलवणं शक्यतो जून आणि डिसेंबरअखेर एकदमच करायचं.

हलवण्यात एक धोका आहे. इन्क्रिमेंटल फाइलची बदललेली वेळ पाहतं. लिनक्सवर एक फोल्डर त्याच डिस्कवर दुसरीकडे नेला तर आतल्या फाइलींची वेळ बदलत नाही. मग इन्क्रिमेंटलला त्या दिसत नाहीत आणि पुढच्या फुलपर्यंत नव्या जागी त्यांचा बॅकअपच नसतो. जॉबमध्ये ‘अ‍ॅक्युरेट’ चालू करा. मग क्लायंट जुनी यादी समोर ठेवून तुलना करतो, हलवलेलं आणि पुसलेलं दोन्ही पकडतो. त्यासाठी यादी मेमरीत घ्यावी लागते, त्यामुळे लाखो फाइली असतील तर क्लायंटची रॅम आधी पाहा.

डेटाबेसची चालू फाइल सरळ उचलू नका. एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप रात्री फाइलमध्ये काढायचा, कॉम्प्रेशन चालू ठेवून, आणि तीच फाइल घ्यायची. ८५ जीबीची किती होते ते मोजा. समजा २५ जीबी झाली. ती रोज पूर्ण नवी असते, म्हणून ‘इन्क्रिमेंटल’ नाव असलं तरी रोज २५ जीबी जाणार. ४० दिवसांच्या पूलमध्ये ती टाकली तर एकटीच १ टीबी खाईल. म्हणून लेख्यांचा वेगळा पूल: रोज फुल, एका व्हॉल्यूमवर एकच जॉब, रिटेन्शन १५ दिवस, कमाल १८ व्हॉल्यूम. टॅली धरून रोज ३१ जीबी, म्हणजे १८ व्हॉल्यूमना ०.५६ टीबी. टॅलीचा डेटा सगळ्यांनी टॅली बंद केल्यावरच घ्या.

इथे एक चूक फार महागात पडते. ऑटोकॅड स्वतःच्या जुन्या प्रती ‘बॅक’ एक्स्टेन्शनने ठेवतं. जागा वाचवायला लोक तेच एक्स्टेन्शन सगळ्या फाइलसेटमधून वगळतात. एसक्यूएलचा बॅकअपही त्याच एक्स्टेन्शनचा असतो. जॉब हिरवा दिसतो, यशस्वी म्हणून मेल येतो, आणि आत डेटाबेसच नसतो. वगळायचे नियम डिझाइनच्या फाइलसेटपुरतेच ठेवा. विंडोजसाठी ‘इग्नोर केस’ चालू ठेवा, नाहीतर मोठ्या अक्षरातलं एक्स्टेन्शन नियमातून निसटतं. आणि ऑप्शन्सचे गट वरून खाली वाचले जातात, जो आधी जुळला तो लागू. म्हणून वगळण्याचा गट सर्वसाधारण गटाच्या वर लिहा.

लिनक्स फाइल सर्व्हरवर आणखी एक पाहा. ‘वन एफएस’ मूळात चालू असतं, म्हणजे दिलेल्या फोल्डरखाली दुसरं विभाजन जोडलेलं असेल तर तिकडे जॉब जात नाही. ड्रॉइंगची डिस्क वेगळी जोडली असेल तर तिचा रस्ता फाइलसेटमध्ये स्वतंत्र लिहा. ‘वन एफएस’ बंद करणं मी टाळेन. कोणी नेटवर्क शेअर जोडला की तोही उचलला जातो.

फाइलसेट बदलला की पुढचा जॉब आपोआप फुल होतो. सगळ्यांसाठी एकच मोठा फाइलसेट ठेवलात तर एका नियमाच्या दुरुस्तीपायी मंगळवारी रात्री सगळं फुल सुरू होईल. बदल करायचाच तर पहिल्या शनिवारी दुपारी करा, नाहीतरी रात्री फुल असतंच.

अंबड_सिस्टम

दोघांचे मनापासून आभार. एसक्यूएलचा बॅकअप मोजला, २५ जीबीच निघाला. तीन गोष्टी अजून स्पष्ट हव्या आहेत.

पहिली, व्हॉल्यूमची संख्या आणि आकार कसे ठरवायचे? दुसरी, आत्ताची ९५ टक्के डिस्क कुठल्या क्रमाने मोकळी करायची? तिसरी, बाहेरची प्रत. सध्या एक यूएसबी डिस्क दर आठवड्याला आमच्या मुख्य ऑफिसात जाते. ऑफिस सराफ बाजाराजवळ, तळमजल्यावर आहे. सिन्नरला आमचं दुसरं युनिट आहे, तिथे ५० एमबीपीएसची लाइन आहे.

टेप_ते_डिस्क

आकडे तुमच्याच मापांवरून काढतो. इथे ‘जी’ म्हणजे १०२४ चा हिशेब, म्हणून ५० जी म्हणजे ५३.७ जीबी.

चालू डेटा आता ५०० अधिक ३५० अधिक ३०० अधिक ४, म्हणजे १.१५ टीबी. एका फुलला ५० जीची २२ व्हॉल्यूम लागतात. ६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन फुल जिवंत, म्हणून ६६. दोन जास्तीची धरून कमाल व्हॉल्यूम ६८. जुन्या ड्रॉइंगना प्रत्येकी १४, दोन प्रतींची २८, कमाल ३०. डिफरेन्शियल दर आठवड्याला वाढत जातं, ६०, १२०, १८०, २४० जीबी असं, आणि ४० दिवसांत सगळी मिळून ७८० जीबीच्या आसपास. २० जीची ४२. इन्क्रिमेंटल २० जीची ४५.

या मर्यादांची बेरीज करा: ३.६५, १.६१, ०.९०, ०.९७ आणि लेख्यांचे ०.५६. सगळं मिळून ७.७ टीबी. ही बेरीज डिस्कपेक्षा कमी असायलाच हवी. तसं असेल तर कुठल्याही एका पूलने कितीही मागितलं तरी डिस्क भरून बाकीचे जॉब पडणार नाहीत, फक्त तो एक पूल अडेल आणि तुम्हाला मेल येईल. एखाद्या रात्री रॅन्समवेअरने सगळ्या फाइली बदलल्या तर इन्क्रिमेंटल एकदम फुलएवढं होतं. त्या रात्री हीच मर्यादा जुनी फुल वाचवते. पण डेटा वाढायला इथे वाव उरलेला नाही. चालू डेटा दहा टक्क्यांनी वाढला की डिस्क घ्यायच्या, मर्यादा नुसत्या वाढवत न्यायच्या नाहीत. कॅटलॉगचा पोस्टग्रेस डेटाबेस याच डिस्कवर असेल तर तो दुसरीकडे हलवा.

‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ विसरू नका. इन्क्रिमेंटलला २३ तास, फुल आणि डिफरेन्शियलला २ दिवस. तेवढा वेळ झाला की अर्धवट व्हॉल्यूमही बंद होतं आणि त्याचं रिटेन्शन मोजायला लागतं. हे नसेल तर फुलचं शेवटचं, चाळीस टक्के भरलेलं व्हॉल्यूम पुढच्या महिन्यापर्यंत उघडं राहतं आणि दोन महिन्यांचा डेटा एकाच पोटात जातो.

क्लायंटच्या नोंदीत फाइल रिटेन्शन आणि जॉब रिटेन्शनही आहे, मूळचे आकडे ६० आणि १८० दिवस. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा प्रत्यक्षात चालतो. क्लायंटवर ऑटोप्रून (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढणं) चालू असेल तर ६१ व्या दिवशी फुलमधल्या फाइलींची यादी कॅटलॉगमधून जाते. डेटा डिस्कवर असतो, पण एक ड्रॉइंग निवडून काढता येत नाही, सगळा जॉब उलगडावा लागतो. दोन्ही आकडे २५० दिवस करून टाका.

जागा सोडवण्याचा क्रम: आधी वेळापत्रक थांबवा. जुन्या पूलना रिटेन्शन ६५ दिवस आणि ‘अ‍ॅक्शन ऑन पर्ज’ ट्रंकेट (मोकळ्या व्हॉल्यूमची फाइल डिस्कवरही रिकामी करणं) करा, रीलोड करा, मग अपडेट करून ते जुन्या व्हॉल्यूमना लावा. मग प्रून. मुदत संपलेली व्हॉल्यूम ‘पर्ज्ड’ (नोंदी काढून मोकळी झालेली) दिसू लागतील. तरी डिस्कवर जागा तेवढीच दिसेल, कारण प्रून फक्त कॅटलॉगमधल्या नोंदी काढतं. त्यानंतर पर्ज्ड स्थितीतल्या व्हॉल्यूमवर ट्रंकेट चालवा, तेव्हा फाइली लहान होतील. चार महिन्यांतलं पहिलं दोन महिन्यांचं काम सुटलं तरी ३ टीबीच्या पुढे जागा मिळते. पुढच्या पहिल्या शनिवारी नव्या पूलमध्ये फुल घ्या आणि जुने पूल आपोआप मुदत संपेपर्यंत तसेच राहू द्या. ती रिकामी झाल्यावर व्हॉल्यूम डिलीट करा.

घाईत ‘पर्ज’ कमांड देऊ नका. ती रिटेन्शन पाहत नाही, कालचं फुलही मोकळं करते. आणि व्हॉल्यूमची फाइल डिस्कवरून हाताने पुसू नका. कॅटलॉगला ती आहे असंच वाटत राहतं, आणि पुनर्वापराची वेळ आली की जॉब तिथे अडखळतो.

गोदाकाठ

बाहेरच्या प्रतीबद्दल. सराफ बाजाराजवळचा तळमजला या कामाचा नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठी पाणी चढतं. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. पुराचं माप लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात, ते पाहत बसायचं आणि डिस्क उचलायला धावायचं असं नियोजन ठेवू नका. शिवाय २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत जुन्या नाशकात वाहन नेणं अवघड होईल. सिन्नरचं युनिट उत्तम.

आता रचना. एकाच पूलमध्ये दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून वापरल्या की दोन भानगडी होतात. एक, सॉफ्टवेअर नेमकं सिन्नरला असलेल्या डिस्कवरचं व्हॉल्यूम मागतं. दोन, कॉपी जॉबला ‘अजून कॉपी न झालेले जॉब’ असं निवडायला सांगितलं असेल तर पहिल्या डिस्कवर गेलेलं दुसरीवर पुन्हा जात नाही. मग फुल एका डिस्कवर, डिफरेन्शियल दुसरीवर, आणि दोन्ही डिस्क समोर असल्याशिवाय पूर्ण रिस्टोअर होत नाही.

म्हणून प्रत्येक डिस्कला स्वतःचा पूल आणि स्वतःचा कॉपी जॉब. आणि कॉपी फक्त फुलची. फुल स्वतःच्या पायावर उभं असतं. विषम महिन्याचं फुल पहिल्या डिस्कवर, सम महिन्याचं दुसरीवर. ४ टीबीच्या डिस्कवर १.१५ टीबीची दोन फुल आणि जुन्या ड्रॉइंगची एक प्रत आरामात बसते.

डिस्क जोडलेली नसताना कॉपी जॉब चालला तर तो माउंटच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायला लागतो आणि सर्व्हरचं मूळ विभाजन भरतं. डिस्कच्या आत एक उपफोल्डर करा आणि डिव्हाइसचा रस्ता त्या उपफोल्डरचा द्या. डिस्क नसेल तर उपफोल्डरही नाही, जॉब लगेच चूक दाखवून थांबतो.

लेखे मात्र महिन्यातून एकदा बाहेर जाऊन चालणार नाही. सिन्नरला छोटा स्टोरेज डेमन (व्हॉल्यूम लिहिणारा बॅरिओसचा प्रोग्रॅम) बसवा आणि लेख्यांच्या पूलची कॉपी रोज रात्री लाइनवरून पाठवा. ३१ जीबीला ५० एमबीपीएसवर दीड तासाच्या आत वेळ लागतो, फक्त तुमच्या अंबडच्या लाइनचा अपलोडही तेवढा आहे ना ते पाहा.

ताळेबंद

लेख्यांच्या बाबतीत कायद्याचे आकडे जोडतो, कारण १५ दिवसांचं रिटेन्शन वाचून लेखापरीक्षक विचारतील. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा. त्यामुळे रोजचा जॉब पडला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहिला जायला हवा.

रोजच्या पूलचं रिटेन्शन वाढवून आठ वर्षं गाठू नका. ‘वार्षिक लेखे’ असा वेगळा पूल करा. ३१ मार्चनंतर एक फुल आणि लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर, सगळ्या दुरुस्ती नोंदी पडल्यावर, दुसरं. खरं कामाचं हे दुसरं. वर्षाला ६२ जीबी, आठ वर्षांचे ५०० जीबीच्या आत. रिटेन्शन नऊ वर्षं, पुनर्वापर बंद. क्लायंटचं जॉब रिटेन्शन या जॉबच्या आड येतं, म्हणून या जॉबसाठी तोच पीसी वेगळ्या क्लायंटच्या नावाने नोंदवा आणि तिथे ऑटोप्रून बंद ठेवा. हा पूल वेगळ्या डिस्कजोडीवर ठेवा. एसक्यूएलची आवृत्ती आणि टॅलीची आवृत्ती डिस्कवर चिठ्ठी लावून लिहा. सहा वर्षांनी फाइल मिळते, ती उघडणारं सॉफ्टवेअर मिळत नाही, असं व्हायला नको.

अंबड_सिस्टम

शनिवारी सगळं लावलं. वेळापत्रक थांबवून ट्रंकेट केल्यावर ३.४ टीबी मोकळी झाली. नवे पूल: फुल ६५ दिवस, जुनी ड्रॉइंग २२०, डिफरेन्शियल ४०, इन्क्रिमेंटल ४०, लेखे १५, वार्षिक लेखे, आणि बाहेरच्या डिस्कचे दोन. चालू डेटाचं फुल रात्री ९ ला सुरू होऊन पहाटे ३ च्या सुमारास संपलं, साधारण ५५ एमबी सेकंदाला. आधी ते सकाळी ७ च्या शिफ्टपर्यंत जायचं.

वेळापत्रकात प्रत्येक ओळीला पूलचं नाव दिलंय: पहिल्या शनिवारच्या ओळीला फुल पूल, बाकी शनिवारच्या ओळीला डिफरेन्शियल, रविवार ते शुक्रवारच्या ओळीला इन्क्रिमेंटल. बरोबर आहे ना? आणि ३५ पैकी ६ पीसी रात्री बंद होते, त्यांचं फुल पडलं.

टेप_ते_डिस्क

पूलचं नाव वेळापत्रकातून काढा, आजच. त्या ६ पीसींचं काय होईल ते पाहा: त्यांचं नव्या जॉबचं एकही फुल नाही, म्हणून पुढचं इन्क्रिमेंटल आपोआप फुल होईल. पण ओळीत इन्क्रिमेंटल पूल लिहिलेला असेल तर ते फुल इन्क्रिमेंटलच्या पूलमध्ये पडू शकतं. ४० दिवसांनी ते पुसलं जाईल आणि त्या पीसींची साखळी पायाशिवाय राहील. शिवाय ५०-६० जीबी त्या पूलच्या मर्यादेतून जातील. जॉबडेफ्समध्ये (अनेक जॉबना लागू होणाऱ्या सामायिक सेटिंगमध्ये) फुल बॅकअप पूल, डिफरेन्शियल बॅकअप पूल आणि इन्क्रिमेंटल बॅकअप पूल या तीन ओळी लिहा. पातळी बदलली की पूलही बरोबर बदलतो.

‘रीरन फेल्ड लेव्हल्स’ चालू करा. पुढच्या महिन्यांत फुल पडलं तरी आधीचं फुल असतं, त्यामुळे सॉफ्टवेअर शांतपणे जुन्यावरच इन्क्रिमेंटल घेत राहतं. हे चालू असेल तर पडलेलं फुल पुढच्या फेरीत पुन्हा घेतलं जातं.

पीसींचा वेगळा जॉबडेफ्स करून त्यांचं इन्क्रिमेंटल दुपारी जेवणाच्या सुट्टीत १ वाजता घ्या, तेव्हा सगळे चालू असतात. फुलसाठी आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पीसी चालू ठेवायला सांगा. ‘मॅक्स वेट टाइम’ तासभर द्या, म्हणजे एक बंद पीसी मागच्यांची रांग अडवणार नाही.

फाइलसेट_आधी

कॅटलॉगचा जॉब राहिला. पॅकेजसोबत येतो, त्याची प्रायॉरिटी ११ असते म्हणून बाकीचे १० वाले संपल्यावर चालतो. तो लेख्यांच्या पूलमध्ये टाकू नका, तिथे एका व्हॉल्यूमवर एकच जॉब आणि १८ ची मर्यादा आहे, रोज दोन जॉब आले की दहाव्या दिवशी अडेल. त्याला लहान पूल द्या, रिटेन्शन १५ दिवस, आणि त्याची बूटस्ट्रॅप फाइल (कुठल्या व्हॉल्यूममध्ये कुठे वाचायचं ते सांगणारी) मेलने सर्व्हरबाहेर जाऊ द्या. सर्व्हरच गेला तर त्या फाइलीवरून आणि व्हॉल्यूमवरून कॅटलॉग परत उभा करता येतो. ती नसेल तर सगळी व्हॉल्यूम एकेक स्कॅन करत बसावं लागतं.

पुढच्या शनिवारी दुपारी रिस्टोअर करून पाहा: एक ड्रॉइंग ३० दिवसांपूर्वीच्या तारखेची जुन्या पूलमधून, एक पीसीचा पूर्ण फोल्डर, आणि एसक्यूएलचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून. ड्रॉइंग कागदपत्रासारखी नसते, नुसती मिळाली म्हणून थांबू नका, असेम्ब्लीसकट सॉलिडवर्क्समध्ये उघडते का ते डिझाइनवाल्याकडून पाहून घ्या. सुटे भाग दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील आणि तो फोल्डर फाइलसेटमध्ये नसेल, तर ते इथेच कळेल.

अंबड_सिस्टम

पूल वेळापत्रकातून काढून जॉबडेफ्समध्ये टाकले. ६ पीसींचं फुल आता फुलच्या पूलमध्ये पडलं. कॅटलॉगला वेगळा पूल केला, बूटस्ट्रॅप सिन्नरच्या मेलवर जाते. असेम्ब्ली उघडताना स्टँडर्ड पार्टची लायब्ररी डिझाइन प्रमुखांच्या पीसीच्या डी ड्राइव्हवर निघाली, फाइलसेटमध्ये नव्हतीच. ती फाइल सर्व्हरवर हलवतोय, रस्ता फाइलसेटमध्ये लिहिलाय आणि पुढच्या पहिल्या शनिवारीच लागू करणार.